टिकलीचा अभ्रा

वाकळ उसवायची तर आधी दोऱ्याचं शेवटचं टोक सापडावं लागतं. पुण्यातल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, पंचावन्न वर्षांची एक बाई चष्मा कपाळावर सरकवून ते टोक शोधत होती. समोर खुर्चीत तिची ऐंशी पार केलेली आई. आईच्या पायाशी तेरा वर्षांची भाटी, करड्या पट्ट्यांची, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. तिघींचेही गुडघे दुखत होते.

सगळं टिकलीच्या गुडघ्यांमुळेच सुरू झालं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर ती रोज एका झेपेत चढायची. दिवाळीनंतर एके दिवशी झेप हुकली. मांजर पडलं तर ‘मी पडलेच नाही, मला खालीच यायचं होतं’ असा चेहरा करतं, टिकलीनेही केला. पण नंतर ती आधी स्टुलावर, मग कट्ट्यावर, असा दोन टप्प्यांचा प्रवास करू लागली. मग कट्टाच सोडला आणि थंड फरशीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी पडून राहू लागली. डॉक्टरांनी मागचे पाय हळूच वाकवून पाहिले आणि सांधे झिजल्याचं सांगितलं. यात नवल काही नाही. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले गेले होते. त्यातल्या नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. फक्त एकेक उडी कमी करत जातं, आणि घरच्यांना वाटतं, म्हातारपणी शहाणं झालं.

औषध मिळालं. सोबत डॉक्टर म्हणाले, अंथरूण मऊ द्या, उबदार द्या आणि त्याचा काठ एका बाजूने बुटका ठेवा. ऊब किती, हे ऐकून ती चाट पडली. अंगात उष्णता पैदा करण्यासाठी वेगळी ताकद खर्चावी न लागता मांजराला जिथे बरं वाटतं, ते तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस. म्हणजे आपण पंखा लावून ‘हुश्श’ करतो तिथे मांजराचं सुख सुरू होतं. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो. फरशीवर झोपणारी म्हातारी मांजर रात्रभर काय करत असेल, तर स्वतःची शेगडी पेटती ठेवत असेल.

बाजारात मांजरांच्या गाद्या मिळतात. तिने दुकानात जाऊन दोन-तीन दाबून पाहिल्या. वरून खोट्या फरची लव, आत स्पंजाचे तुकडे, आणि धुवायची कशी याचा पत्ता नाही. अख्खी गादी बादलीत बुडवायची आणि पावसाळ्यात आठ दिवस वाळवत ठेवायची, असा तो मामला. घरी मशीन आहे, हात आहेत, माळ्यावरच्या ट्रंकेत इचलकरंजीहून आलेली वाकळ आहे. ती रिकाम्या हाताने परतली आणि आईला बेत सांगितला.

“वाकळ कापणार तू?” आई म्हणाली. “मांजराला?”

पुढचे दोन दिवस या विषयावर घरात शांतता होती.

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. दोन्हींत फरक काय, यावर गप्पांत पुष्कळ वाद घालता येतो आणि तो कधी मिटत नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी. नावं निराळी, काम तेच: जुनी कापडं थरावर थर घालायची आणि धावदोऱ्याने एकमेकांना घट्ट धरून ठेवायची. सिद्दी बायका कडेपासून सुरुवात करून टाके घालत घालत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांच्या लेखी अपुरी. इचलकरंजीच्या तिच्या आजीला फुलंबिलं मंजूर नव्हती. पण कडेपासून आत येण्याची रीत मात्र हुबेहूब तीच.

इचलकरंजीत जुन्या कापडाला एवढा मान का, असा प्रश्न पडावा. गावात नव्या कापडाला तोटा नव्हता. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाच्या कानाला रात्रंदिवस खडखडाटाची सवय झाली. तिच्या लहानपणी रात्री वीज गेली, माग थांबले, की पोरं त्या शांततेनेच दचकून उठायची. वडील मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यानंतर यंत्रमागांच्या गावांत काम वाढलं. वडील दोन-दोन पाळ्या करून सुताच्या तुसाने पांढरे होऊन घरी यायचे. पण ते कापड व्यापाऱ्याचं. घरात यायचं ते सणाला, मोजून. आलेलं कापड मग पंधरा-वीस वर्षं घराबाहेर जात नसे.

त्याचा प्रवास ठरलेला होता. आजीची नऊवारी, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, आधी बाहेर नेसायची. मग घरी नेसायची. मग विटली, विरली की तिचं जुनेर होई. जुनेराचे धडके भाग निवडून निघत: घरात कुणी बाळंत होणार असेल तर दुपटी आणि लंगोट, नसेल तर वाकळीचा थर. काठ सोडवून वेगळे ठेवायचे, नाडीला, बासनाला, गाठोड्याला. उरलेल्याची पोतेरी आणि हातपुसणी. नवं कोरं कापड आजी तान्ह्याच्या अंगाला लागू द्यायची नाही. खळ असते, टोचतं. वीस वर्षं धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ काही नसतं, हे तिचं मत होतं. त्यात तथ्यही आहे: खळ निघून जाते, धाग्याचा पीळ सैलावतो, कापड हवा धरू लागतं.

आजीच्या घरीही मांजर होती. पांघरुणांच्या चवडीत, वरून तिसऱ्या वाकळीच्या घडीत, ती दर वर्षी व्यायची. आजी चरफडायची, पण हाकलायची नाही. सटवाईचं वाहन म्हणायची. बंगालात षष्ठीदेवीची मूर्ती कडेवर मूल आणि पायाशी मांजर अशीच असते. आपल्याकडची सटवाई, जी सहाव्या रात्री येऊन तान्ह्याच्या कपाळी नशीब लिहिते, ती तिचीच बहीण म्हणायला हरकत नाही. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. ही मात्र तिसऱ्या वाकळीवरून हलायची नाही. आजी तिच्यासाठी दोन दिवस घडी मोडायची नाही आणि पोरांना दुसरी वाकळ द्यायची.

ही आठवण तिने तिसऱ्या दिवशी आईला बोलून दाखवली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काप. पण आधी उसव. न उसवता कात्री लावायची नाही.”

ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा भपकारा आला. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन, आणि ते मांजराला विषारी. गोळी चाटली, गिळली तर रक्तावर आणि यकृतावर बेततं. नुसता सततचा वासही बरा नाही. म्हणून वाकळ आठवडाभर गच्चीवर उन्हात, वाऱ्यावर टांगली. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा विचारून गेल्या, कुणी पाहुणे येणार आहेत का.

आठव्या दिवशी ती शनिवारची दुपार उगवली. टोक सापडलं. आजी गाठ मारत नसे. गाठ टोचते, म्हणून शेवटी तीन उलटे टाके मारून दोरा थरांच्या पोटात सरकवून देई. ते तीन टाके ब्लेडच्या कोपऱ्याने तोडले आणि मग दोरा सरसर निघत गेला. मागावरचंच उरलेलं सूत, चार पदरी पिळलेलं. इतक्या वर्षांनी त्याचा मूळ रंग फक्त थरांच्या आत राहिला होता. वर दिसणारा टाका राखाडी आणि आतला तांबडालाल. दोऱ्याची एक-एक ओळ निघाली की कापडावर नुसत्या भोकांची रेघ राहायची, मुंग्यांची रांग जावी तशी.

सगळ्यात वरचा थर आईच्या जांभळ्या पॉलिएस्टर साडीचा. आई हसली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली आणि दोन-चार वर्षांत गावातल्या प्रत्येक बाईकडे अशी एक न चुरगळणारी साडी आली. आजीने ती वाकळीला लावली खरी, पण लावताना बडबडली होती: “सुई घसरतीय. ह्ये कापड न्हवं, मेणकापड हाय.” इतक्या वर्षांत तिचा रंग जराही उडाला नव्हता. मांजराच्या अंथरुणाला मात्र ती कुचकामी. घाम-ओल शोषत नाही, हिवाळ्यात अंगाला घासली की केस उभे राहतात आणि नख अडकलं की धागा वीतभर ओढला जातो. ती बाजूला गेली.

तिच्याखाली नारिंगी फुलांची सुती सहावारी, अजून धडकी. तिच्याखाली, जिथे कधीतरी वाकळ फाटली होती तिथे, शाळेच्या निळ्या फ्रॉकाचं ठिगळ. फ्रॉक हिचाच. खिशाची शिवण तशीच होती आणि खिशात काही नव्हतं, हे तिने बोट घालून पाहिलं. मग आजीचं इरकली जुनेर. इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. तिचं अंग आणि तांबडा पदर यांचे ताणे वेगवेगळे लावून, फासात फास अडकवून जोडतात. पदराचं रेशीम जागोजाग तुटून गेलं होतं, पण तो जोड सुटलेला नव्हता. आईने जोडावरून अंगठा फिरवला आणि जुनेर मांडीवर ठेवून घेतलं. मग आजोबांच्या धोतराचे दोन थर. मग मैद्याच्या पिशव्या सोडवून केलेला एक थर, निळ्या छापाची अर्धी-मुर्धी अक्षरं अजून दिसणारा.

आणि मग हात थांबला. पुढचा थर कापड नव्हता. ती दुसरी एक वाकळ होती.

साधारण दोन हात लांब, दीड हात रुंद, कडा झिजून गोल झालेली. वाकळ विरली की तिच्यावर नवे थर घालून नवी करायची, जुनीच मग आतलं पोट होते, ही जुनी पद्धत. पण हे आत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. टाके आजीचे नव्हते. आजीचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा, हा तिळाएवढा. आईने चष्मा मागून घेतला, खिडकीकडे धरून पाहिलं, हुंगलं.

“सासूबाईंच्या सासूचं असंल,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “नाहीतर कुणाचं, कोण जाणे.”

तोवर टिकली उसवलेल्या दोऱ्यांच्या गुंत्याकडे सरकू लागली होती. तिला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं, दार लावलं. या बाबतीत त्या घराने चांगलीच किंमत मोजली आहे. टिकली दोन वर्षांची असताना मशीनवरून लोंबणारा दोरा चघळता चघळता गिळून बसली होती. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला आणि ही ओढायला निघाली, तेवढ्यात फोनवरून डॉक्टर ओरडले, ओढू नका. एक टोक जिभेत अडकलेलं, दुसरं आतड्यात पुढे चाललेलं. मध्ये आतडं दोऱ्यावर गोळा होतं. परकराची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात, अगदी तसं. ताणला तर दोरा आतडं करवतीसारखा कापतो. पोट उघडून तो काढावा लागला. तेव्हा तिला आजीचं एक तंत्र आठवलं होतं, जे लहानपणी निव्वळ जाच वाटायचं: शिवण आटोपली की सुया मोजायच्या, दोऱ्याचं प्रत्येक तोडलेलं टोक वेचून डबीत टाकायचं, मग उठायचं. घरात रांगतं पोर असायचंच. “सुई मोजून ठिव,” हे वाक्य आजी देवाला हात जोडल्यासारखं रोज म्हणायची.

वाचणाऱ्याच्या घरी मांजर असेल तर एवढं लक्षात ठेवावं: दोरा तोंडातून किंवा मागून बाहेर दिसला तरी ओढायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मशीन आईचं. ‘मेरिट’चं हातमशीन, हप्त्यांवर घेतलेलं, काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी आता मुठीपाशी पुसलेली. मेरिट हे नाव आयझॅक मेरिट सिंगर या गृहस्थाच्या मधल्या नावावरून आलेलं. सिंगरने १८५१ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. गांधीजींचा यंत्रांवरचा राग सगळ्यांना ठाऊक, पण १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त छापलेल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना दमलेलं पाहून सिंगरने प्रेमापोटी यंत्र बनवलं, अशी ती कथा. कथा सुरेख आहे. वास्तवातल्या सिंगरचे अनेक संसार होते, पोरं दोन डझनांच्या घरात, आणि यंत्राकडे त्याचा ओढा मुख्यतः पैशाचा. तरी अपवाद करण्यात गांधीजींचं चुकलं असं वाटत नाही. याच मशीनवर आईने शेजारणींचे परकर आणि झबली शिवून दोन मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या.

आता माप. मांजर अंग मुडपून झोपतं तेव्हा केवढी जागा व्यापतं, ते मोजायला टेप नेला तर टिकली उठून टेपवर बसे. मग तिने शिंप्याच्या खडूने फरशीवर अंदाजे एक गोल काढला आणि चहा टाकायला गेली. परत येते तो बाईसाहेब गोलाच्या बरोबर मध्ये. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी लोकांच्या घरोघरी जमिनीवर कागदाचे तुकडे अशा बेताने चिकटवायला लावले होते की चौकोन नसताना चौकोनाचा भास व्हावा. मांजरं त्या भासाच्या चौकोनातही जाऊन बसली. चार भिंती हव्यात, मग त्या खऱ्या असोत वा नसोत. त्याआधी, २०१४ मध्ये, नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना लपायला खोकी दिली होती; खोकेवाली लवकर रुळली. म्हणजे अंथरुणाला भिंत हवी, नुसती सपाट गादी पुरणार नाही.

गोलाचा व्यास भरला ४६ सेंटीमीटर. परीघ काढायला तिने २२ ला ७ ने भागलं, व्यासाने गुणलं, १४४.५ आलं. दहावीनंतर पहिल्यांदाच या आकड्याचं तिच्या आयुष्यात काम पडलं होतं. भिंतीची पट्टी १४८ लांब आणि ३६ रुंद, म्हणजे दुमडून शिवली की हाताच्या दंडाएवढी नळी. ही नळी गोलाभोवती फिरवायची आणि पुढच्या बाजूला वीतभर जागेत काही भरायचं नाही, म्हणजे तिथे ती चपटी बसेल आणि दुखऱ्या पायाला उंबरठा लागणार नाही.

भरायचं काय, यावर पुन्हा बैठक झाली. कापूस उबदार, पण ओला झाला की गोळे धरतो आणि पिंजारी आता दारावर येत नाही. धनुकलीचा तो टंकार तिने शेवटचा कधी ऐकला, तेही आठवेना. आईने कपाटातून वडिलांची उशी काढली. सावरीची. सावरीचा कापूस म्हणजे बोंडातला रेशमासारखा तंतू. त्याला पीळ बसत नाही म्हणून सूत काढता येत नाही, पण आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे पाणी धरत नाही आणि वजनाला नसल्यातच जमा. दुसऱ्या महायुद्धात खलाशांची जीवरक्षक जाकिटं सावरीच्याच जातकुळीतल्या कापसाने भरलेली होती. इतका गुणी, पण उडतोही तितकाच. उशीची शिवण उसवली मात्र, आणि पुढचे चार दिवस त्या घरात डाळीच्या आमटीवरही सावर तरंगत होती. टिकली सलग सात वेळा शिंकली, आईने मोजलं.

म्हणून आधी आजोबांच्या धोतराची, घट्ट विणीची आतली खोळ. तीत सावर ठासून नाही, सैल. नळीला वरून नारिंगी फुलांच्या सहावारीचा अभ्रा आणि अभ्र्याला खालच्या बाजूने चेन. चेनीची लोंबती पट्टी तिने कापून टाकली, कारण लोंबणारं काहीही मांजराच्या तोंडात जातं. बटणं नाहीत, गोंडे नाहीत, लेस नाही. मुलीने बंगळूरहून फोनवर घुंगरू सुचवलं होतं. ते दोघींनी मिळून फेटाळलं. अभ्रा निघायला हवा याला आणखी एक कारण आहे. पिसवा मांजराच्या अंगावर राहतात, पण त्यांची अंडी गळून अंथरुणात पडतात. मांजराला कितीही औषध लावा, अंथरूण कढत पाण्यात धुतलं नाही तर पंधरवड्याने मंडळी परत हजर.

अभ्र्यापर्यंत मशीनने साथ दिली. १६ नंबरची सुई, टाका मोठा, मुठीवर उजवा हात आणि कापडावर डावा. गोल शिवणं हा मात्र सरळ हातमशीनचा अपमान असतो. दर चार टाक्यांना थांबून, फूट उचलून, कापड किंचित वळवायचं. एका जागी तिने कंटाळून न थांबता तसंच फिरवलं आणि तिथे चूण पडली. उसवली. पुन्हा पडली. आई खुर्चीतून म्हणाली, “कात दे.” म्हणजे गोलाच्या कडेला आतून बोटाबोटावर छोटे काप, शिवणीच्या अलीकडे थांबणारे. कात दिले आणि कापड मुकाट वळलं. शिवणाच्या क्लासात हे तिला कुणी शिकवलं नसेल असं नाही. विसरली होती.

राहिला तळ. ती मधली जुनी वाकळ, तिळाच्या टाक्यांची, टेबलावर घडी घालून ठेवलेली होती. तिचं काय करायचं ते हिने मनाशी पक्कं केलं होतं: धुऊन, मलमलीत गुंडाळून, जपून ठेवायची. चौकटीत लावायचाही विचार येऊन गेला, आणि तिला स्वतःचीच जरा लाज वाटली. आईपुढे विषय काढला तर आई सरळ म्हणाली, “जपून काय करायचंय? घाल की तळाला. एवढं मऊ तुला दुसरं कुठं मिळणार?”

“अगं, शंभर वर्षांचं असेल ते.”

“म्हणूनच मऊ आहे.”

काही दिवसांपूर्वी वाकळीला कात्री लावू न देणारी बाई हीच. लेकीने दोन-तीन कारणं काढून पाहिली: विरलेली आहे, धुताना फाटेल, मांजर नखांनी ओढेल. शेवटचं खरंच होतं. मांजरं झोपण्याआधी पुढच्या पंजांनी अंथरूण मळतात, कणीक तिंबावी तशी. पिलू असताना आईच्या आचळाशी पान्हा फुटावा म्हणून केलेली ती हालचाल, म्हातारपणीही सुटत नाही. आईने उत्तर दिलं, “मळू दे.”

तळ मशीनखाली जाईना. दाभण आणि अंगुस्तान घेऊन हातानेच बसावं लागलं. जुन्या वाकळीची घडी घातली, घडीचे कोपरे आत वळवून गोल केला. कापली नाही, कात्री कुठेच लावली नाही. वरून इरकली जुनेराचा तुकडा, आई मांडीवरून सोडायला तयार झाली तेवढा, आणि कडेपासून आत येत धावदोरा. तिचा टाका तिळाएवढा आला नाही, गव्हाएवढाही नाही. हरभऱ्याएवढा आला. तीन संध्याकाळी लागल्या. रोज उठताना सुया मोजल्या: दोन सुया, एक दाभण.

अंथरूण तयार झालं त्या रात्री टिकली त्यात गेली का? गेली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी आईने स्वतःची अंगावरची शाल दुपारभर त्यात ठेवली, संध्याकाळी काढून घेतली आणि मग टिकली गेली. मांजर नाकाने घर ओळखतं. धुतलेल्या कापडाला कुणाचाच वास नव्हता. बुटक्या बाजूने आत शिरून, दोन फेऱ्या मारून, तिने इरकलीवर पंजे मळले आणि तोंड शेपटीखाली घातलं. आईने जाऊन तिच्या पोटाखाली हात घालून पाहिला. “कोंबडी बसलीय म्हण,” ती म्हणाली. “अंडं उबंल.”

याला आता दोन वर्षं होतील. नारिंगी अभ्रे दोन आहेत, शनिवारी एक उतरतो आणि दुसरा चढतो. सावर एका बाजूला दबली आहे, ती उन्हाळ्यात उसवून फुगवायची आहे. तळाचा एकही टाका अजून सुटलेला नाही. जांभळी पॉलिएस्टर साडी माळ्यावर पुसायच्या फडक्यांत गेली. पाणी टिपत नाही म्हणून आता तिथूनही काढायची आहे.